धोक्याची पातळी

आषाढात कोल्हापुरात माणूस माणसाला 'कसं काय?' विचारत नाही, 'किती फूट?' विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. त्यामुळे डॉक्टरांनी माझा रक्तदाब १६० बाय १०० सांगितला तेव्हा मी विचारलं, "म्हणजे इशारा, की धोका?"

डॉक्टरही इथलेच. म्हणाले, "शिरोलीला हायवे बंद व्हायच्या बेतात आहे."

आधी एक औषध लागलं, मग दोन, आता एकाच गोळीत तिघं नांदतात. पहिलं ॲम्लोडिपिन. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात. हे औषध कॅल्शियमची वाट अडवतं. थोडक्यात, पात्र रुंद करायचं. पूररेषेतली बांधकामं हलवणं भल्याभल्यांना जमलं नाही, ते इथे पाच मिलिग्रॅममध्ये होतं. काहींचे घोटे सुजतात म्हणा. पण सखल भागात पाणी शिरायचंच.

दुसरं क्लोरथॅलिडोन, म्हणजे विसर्ग वाढवणं. ते मूत्रपिंडाला मीठ बाहेर सोडायला लावतं आणि मिठामागून पाणी जातं. वरून मिठाची आवक चालूच असेल तर त्या बिचाऱ्यानं किती उपसायचं? जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. मिसळ, वरची शेव आणि घरचा खर्डा धरला तर आमचा कोटा सकाळीच संपतो. रविवारचा तांबडा-पांढरा आम्ही हिशेबातच धरत नाही.

तिसरं टेल्मिसार्टन. माझं लाडकं, कारण त्याला राजकारण कळतं. मूत्रपिंडाला दाब जरा कमी वाटला की ते रेनिन सोडतं. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि दुहेरी हुकूम सुटतो : वाहिन्यांनो, आवळा, मीठ-पाणी अडवा. म्हणजे वर आमच्या चुली बुडाल्या तरी खाली पाणी धरून बसलेली अलमट्टीच की! (तज्ज्ञांच्या समित्या काहीही म्हणोत, आमचं मत ठरलेलं आहे.) टेल्मिसार्टन हा हुकूम रद्द करत नाही. तो ज्या खुर्चीपुढे पोहोचायचा, त्या खुर्चीत आधीच जाऊन बसतं. कागद येतो, फिरतो, परत जातो.

याच साखळीवरचं आधीचं औषध कॅप्टोप्रिल. अमेरिकेत ते १९८१ साली मंजूर झालं आणि त्याचा माग लागला ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून. बत्तीस शिराळा इतकं जवळ असून मान गेला ब्राझीलच्या सापाला, याचं मला वाईट वाटतं. त्या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला धरतो, म्हणून सार्टन मंडळींची चलती. आपली बाजू मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी मात्र राखली होती. सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो हे त्यांनी १९४९ सालीच ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं.

रंकाळ्यावर संध्याकाळी फिरणाऱ्यांत आता तालमीच्या नव्हे, गोळ्यांच्या गप्पा असतात. एकजण मेटोप्रोलॉलवाले. ॲड्रेनलिननं कितीही हाका मारल्या तरी हृदयाला त्या ऐकूच येऊ द्यायच्या नाहीत, हे या औषधाचं काम. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना पेटलेला, गॅलरी उभी राहिलेली, आणि यांची नाडी साठ. शेजाऱ्यांना संशय, गडी नक्की कुठल्या पेठेचा?

दुसऱ्यांना पायांच्या सुजेसाठी फ्रुसेमाइड आहे. तासाभरात कामाला लागतं आणि पुढे पाच-सहा तास कारभार त्याच्या हातात. एकदा सकाळी गोळी घेऊन ते विनाथांबा पुणे गाडीत बसले. किणी टोलनाक्याला त्यांनी ड्रायव्हरला 'भावा' म्हटलं, पेठ नाक्याला 'दादा', आणि कराड दिसायला लागल्यावर 'मालक'.