खेप म्हणजे कोंढाणा नव्हे

कोकणात बर्फ पडत नाही, मग इथल्या थंडीला ट्रकवाल्याने का भ्यावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पोलादपूरला रस्त्याकडेला उभं राहून पाहावं. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन झपाट्याने निवते, डोंगरउतारावरची गार हवा सावित्रीच्या खोऱ्यात येऊन साचते आणि नदीकाठची ओल धुकं होऊन रस्त्यावर बसते. मुंबई-गोवा महामार्ग याच खोऱ्यातून जातो. महाडच्या औद्योगिक वसाहतीतले रसायनांचे टँकर याच रस्त्याला लागतात. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने येणारी गाडी सुमारे ४० किलोमीटरांत १,३०० मीटर खाली उतरते आणि पहाटेची वेळ असेल तर सरळ धुक्यात शिरते.

अशा वेळी अप्पर मारला की उजेड धुक्याच्या कणांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. डिप्परच ठेवायचा आणि दिसेल तेवढ्या अंतरात गाडी थांबेल इतकाच वेग ठेवायचा. काच आतून धूसर होते ती ड्रायव्हरच्या श्वासाने. हाताला येईल त्या मळक्या फडक्याने ती पुसली की तेलकट पट्टा राहतो आणि समोरच्या गाडीचा दिवा त्या पट्ट्यावर फुटून काचभर पसरतो. निघण्याआधी काच आतून स्वच्छ करावी, ब्लोअरची हवा काचेवर सोडावी, खिडकी दोन बोटं उघडी ठेवावी. केबिनमध्ये झोपायचं तर अंगावर दोन कांबळी जास्त घ्या, पण शेगडी किंवा निखारे आत नेऊ नका. बंद केबिनमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठत नाही.

घाटउतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणं ही आत्महत्या आहे. इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतार उतरा. अर्धवट भरलेला टँकर तर अधिकच बेभरवशाचा, कारण आतला द्रव वळणावर हिंदकळून गाडीला बाहेर ढकलतो. एअर ब्रेकच्या टाकीत साचलेलं पाणी रोज सोडावं, टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासावी. दहा मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात मोठा राग येतो तो बंद पडून उभ्या राहिलेल्या गाडीचा. मागचे दिवे मेलेले, लाल परावर्तक पट्टी चिखलाने माखलेली, चाकामागे धोंडा आणि इशारा म्हणून रस्त्यावर चार डहाळ्या. धुक्यात डहाळी दिसत नाही. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, धोंडा मात्र तिथेच राहतो आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतो. घाटावर ऊसवाहतुकीच्या दिवसांत बिनदिव्यांच्या ट्रॉल्यांची हीच तऱ्हा. परावर्तक पट्ट्या नियमाने बंधनकारक आहेत: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. त्या रोज पुसायच्या. गाडी बंद पडली तर परावर्तक त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवायचा आणि निघताना धोंडा उचलायचा.

हे सगळं ड्रायव्हरला सांगणं सोपं आहे. प्रश्न असा की पहाटे तीन ते सहा, म्हणजे झोप सगळ्यात जड आणि धुकं दाट होत जाणारं, त्या वेळी त्याला घाटात घालतो कोण? ती वेळ त्याने ठरवलेली नसते. ट्रान्सपोर्टवाला ठरवतो, माल मागवणारा व्यापारी ठरवतो, उशिराचं भाडं कापणारा शेठ ठरवतो. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ साली आला आणि २०२५ साली नव्या कामगार संहितेत विलीन झाला. त्यात होतं: दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्यावर परवानगीने फार तर दहा. सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. साठ वर्षांहून जास्त काळ चाललेला तो कायदा किती मालकांनी ड्रायव्हरला वाचून दाखवला?

पोलादपूरपासून जवळच उमरठ आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघाच्या थंडीत कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांची समाधी या गावात आहे. मुलाचं लग्न बाजूला ठेवून ते गेले, अशी आठवण महाराष्ट्र सांगतो. ते गेले स्वराज्यासाठी आणि आपल्या मनाने. त्यांचं नाव घेऊन छाती फुगवणाऱ्या आपण सगळ्यांनी एवढं तरी ओळखावं की कोणाचं रसायनाचं पिंप किंवा स्ट्रॉबेरीचा क्रेट दोन तास आधी पोचावा म्हणून ड्रायव्हरने जीव पणाला लावणं हे शौर्य नाही. ती त्याच्यावर लादलेली जोखीम आहे आणि तिचा नफा दुसऱ्याच्या खिशात जातो.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. घाट चढण्याआधी पोलादपुरात उजेडाचा, पाण्याचा, शौचालयाचा ट्रक तळ हवा, जिथे धुकं विरेपर्यंत गाडी निर्धास्त उभी करता येईल. आणि माल पाठवणाऱ्यांनो, बिल्टीवर पोचण्याची वेळ लिहिता, त्याच बिल्टीवर एक ओळ आणखी लिहा: धुकं असेल तर थांब, भाडं कापणार नाही.