ब्रोकोली-प्रमाण-विचार

फ्लॉवर आणायला धाडलेला गृहस्थ बोळिंजच्या बाजारातून ब्रोकोली घेऊन परतला, तर त्याने आज्ञा पाळली की मोडली? शास्त्रे या प्रश्नी मौन बाळगतात. ज्या वसई पट्ट्याची भाजी पिढ्यान्‌पिढ्या लोकलने दादरला गेली, तिथल्या माणसाला हे शोभत नाही. म्हणून हा प्रबंध.

न्यायशास्त्रात प्रमाणे चार. पहिले प्रत्यक्ष. गड्डा हातात घ्यावा. आकाराच्या मानाने जड हवा, तुरे घट्ट हवेत. ब्रोकोलीत आपण कळ्या खातो; ती पिवळी दिसली की कळ्या उमलू लागल्या, सोडून द्यावी. दुसरे अनुमान: जेथे धूर तेथे अग्नी, जेथे देठाचा काप वाळलेला तेथे शिळेपण. तिसरे शब्द. ‘भाऊ, सकाळचाच माल हाय’ हे भाजीवाल्या मावशींचे आप्तवाक्य मानावे. कोणत्या सकाळचा, हे विचारू नये.

चौथे उपमान, आणि घात इथेच होतो. ‘गवय गायीसारखा असतो’ हे ऐकलेला माणूस रानात गवय ओळखतो. तसा मी ‘हिरवा फ्लॉवर’ ओळखला. पण गवय ओळखल्यावर त्याचे दूध काढायला बसावे, असे गौतममुनी कुठेही म्हणत नाहीत.

पूर्वपक्ष: कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली ही सारी ब्रासिका ओलेरासिया या एकाच जातीची. मग अद्वैत का मानू नये?

उत्तरपक्ष: कारण रस्सा. बटाटा शिजेपर्यंत फ्लॉवर तग धरतो. ब्रोकोलीचा तोवर लगदा होतो. त्यात चिंच पडली की आंबटपणाने हरितद्रव्य बिघडून रंग शेवाळी होतो. तेव्हा तुरे मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, तीन-चार मिनिटेच परतावेत. लिंबू ताटात पिळावे. चिरल्यावर थोडा वेळ तशीच ठेवावी: तिचे गुणकारी सल्फोराफेन चिरल्यावर तयार होते आणि ते घडवणारे विकर उष्णतेने मरते. कच्ची मोहरी फेसून वरून घातल्यास तेच विकर पुन्हा मिळते. फोडणीतली मोहरी मात्र तडतडून हुतात्मा झालेली असते. दांडा टाकू नये; सोलून नवलकोलाच्या जागी चालतो. बदली मान्य आहे ती एवढीच.

हा सिद्धान्त घरी मांडला. ‘अहो, मटार सोलून ठेवलेत, त्यांचं काय करू?’ एवढेच उत्तर आले.

निर्णय: फ्लॉवर सांगितला असेल तर फ्लॉवरच आणावा. नसेल, तर घरी फोन करावा.