खुर्चीबाईसाहेबांस अनावृत पत्र

श्रीमती फिरती खुर्चीबाईसाहेब,
मुक्काम : कॉम्प्युटरचं टेबल

सा. न. वि. वि.

आपल्या मऊ गादीचं, पाच पायांचं आणि आपल्याला हलकेच वरखाली करणाऱ्या गॅसच्या दांड्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. इतकं आरामशीर कुणी गुन्हेगार असेल, असं या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

आमच्या मॉनिटरची स्क्रीन लुकलुकू लागली, मध्येच काळी पडून परत येऊ लागली, तेव्हा सगळ्यांवर संशय घेतला गेला. आपण मात्र तपास करणाऱ्याच्याच बुडाखाली निर्विकार उभ्या होतात. असा संयम आजकाल बघायला मिळत नाही.

आपल्या कृपेने माझं शिक्षणही झालं. टास्क मॅनेजर उघडावा. तोही लुकलुकला तर दोष डिस्प्ले ड्रायव्हरचा, तो स्थिर राहिला तर एखाद्या ॲपचा, ही मायक्रोसॉफ्टची शिकवण. मी तो उघडून बघत बसलो. काहीच लुकलुकलं नाही. बसलेल्या माणसाला आपण सहसा त्रास देत नाही, हे आपलं सौजन्य मला तेव्हा कुठे ठाऊक! केबलची पिन बघायला उठलो, की लगेच काळोख.

ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, रिफ्रेश रेट ७५ वरून ६० हर्ट्‌झवर आणला. केबल उपटून ‘नो सिग्नल’ची पाटी हलते का तेही पाहिलं, ती हलली असती तर बिघाड मॉनिटरच्याच पोटात. पाटी ढिम्म. मग मिक्सरवर संशय घेतला, आणि घरात चटणीवरून बोलणी झाली. त्या संवादाचं श्रेयही आपलंच.

सर्व्हिस सेंटरमधला प्रसंग तर आपण तिथे नसूनही गाजवलात. मॉनिटर दिवसभर चालू ठेवला, एकदाही पापणी लवली नाही. तिथे बसायला प्लास्टिकची स्टुलं होती हो, बाईसाहेब! ‘दोष आढळला नाही’ असा शेरा आणि तपासणीचं बिल घेऊन परत आलो. पुढे घरी आलेल्या मेकॅनिकने सगळं काम उभ्या उभ्याच उरकलं आणि जाताना माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

आपली कला मात्र थोर. माणूस उठला की त्याचे कपडे आणि गादीचं कापड एकमेकांपासून सुटतात आणि विद्युतभार साठतो. मग आपल्या पोटातले धातूचे भाग आपसात बारीकशी ठिणगी उडवतात. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला झटका देत नाही. पण तिच्यातून रेडिओलहरींचा एक झपकारा निघतो, टेबलामागे लोंबणारी केबल अँटेनासारखी तो पकडते, आणि मॉनिटरचा कॉम्प्युटरशी असलेला ताळमेळ सुटतो. तो पुन्हा जुळेपर्यंत अंधार. खुर्ची सोडली की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे पुढाऱ्यांबद्दल ऐकलं होतं; मी तर नुसता पाणी प्यायला उठतो.

आणि आपली धार्मिक वृत्ती! पावसाळ्याच्या दमट हवेत हा भार फारसा टिकत नाही, म्हणून तेव्हा आपण शांत. थंडीची कोरडी हवा सुटली की पुन्हा सुरू. गुन्हेगारीतही चातुर्मास पाळणाऱ्या आपण पहिल्याच.

आपला लौकिक जुना आहे, हेही उशिराच कळलं. डग्लस स्मिथ या अमेरिकी अभियंत्याने १९९३ मध्येच फर्निचरमधून उडणाऱ्या अशा ठिणग्यांवर निबंध मांडला होता. डिस्प्लेलिंक कंपनीने तर स्क्रीन लुकलुकण्याच्या कारणांत गॅसच्या खुर्चीचं नाव स्पष्ट लिहून ठेवलंय. इतक्या सराईत विभूतीने आमच्या गरिबाघरी राहावं, हे आमचं भाग्य!

उपाय सांगतात तो असा : आखूड, चांगल्या आवरणाची आणि टोकाशी फेराइटचं कडं असलेली केबल. म्हणजे गुन्हा आपण करायचा आणि बेडी केबलला. आपल्याला हात लावायची आमची काय प्राज्ञा?

नवी केबल येईपर्यंत आपण गॅलरीत विश्रांती घ्यावी, ही नम्र विनंती. तिथे टॉवेल वाळत असतात. त्यांना सिग्नल लागत नाही. इथे मी आजोबांची लाकडी खुर्ची आणली आहे. तिच्यावरून उठताना फक्त माझे गुडघे वाजतात.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी व्हावा.

आपल्यावर आजवर निर्धास्त बसलेला,
एक भार