प्रश्न क्रमांक 14

भाचीला समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला सर्वेक्षण प्रकल्प आहे, ही बातमी मला माझ्या प्रिंटरनं दिली. रविवारी सकाळी त्यानं कण्हत कण्हत चार पानं बाहेर टाकली आणि पाचव्याला शाई संपवली. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं, ‘उधना परिसरातील स्थलांतरित मराठी कुटुंबांचा सामाजिक-आर्थिक अभ्यास’. खाली 42 प्रश्न. इतके प्रश्न मला माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा कोणी विचारले नव्हते.

“मामा, शंभर घरं करायचीत. पंधरा दिवसांत.”

“मग काय! उधन्यात शंभर घरं म्हणजे दोन गल्ल्या,” मी म्हणालो. मामा म्हटला की त्यानं असं काहीतरी बोलायचंच असतं.

खरं तर हे काम सुरतेतल्या आमच्या उधन्याला नवीन नाही. आमच्याच उधना-मगदल्ला रोडवर, विद्यापीठाच्या आवारात, सेंटर फॉर सोशल स्टडीज आहे. आय. पी. देसाईंनी 1969 साली ते सुरू केलं. देसाई हे मुंबईत गो. स. घुर्यांच्या हाताखाली तयार झालेले, आणि घुर्ये मालवणचे. म्हणजे मालवणहून मुंबई, मुंबईहून सुरत, असं करत समाजशास्त्र स्वतःच पोटापाण्याला इकडे आलेलं. यान ब्रेमन नावाचे डच अभ्यासक तर 1960च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण गुजरातेत आले आणि पुढची कित्येक दशकं इथल्या मजुरांमागे वही घेऊन फिरत राहिले. भाचीला पंधरा दिवस मिळालेत.

पहिली अडचण गृहीतकाची आली. अभ्यासाआधी अभ्यासाचं उत्तर काय येईल ते लिहून ठेवायचं, त्याला गृहीतक म्हणतात. तिनं लिहिलं होतं, ‘स्थलांतरामुळे संयुक्त कुटुंबपद्धती मोडते.’ ते तिनं मोठ्यानं वाचलं. माझी आई, म्हणजे तिची आजी, शेजारीच गवार मोडत बसली होती.

“कोनी मोडी?” आजीनं विचारलं.

भाची गडबडली. मग पथदर्शी चाचणी आजीवरच घ्यायचं ठरलं. प्रश्न पहिला, घरमा किती जन शेतस? आजीनं क्षणभरही विचार केला नाही. “आठे पाच, गावले तीन, पुन्याले एक.” भाचीनं समजावलं, आजी, फक्त या घरातली माणसं सांग. “मी घरनाच सांगी राहिनू,” आजी म्हणाली आणि पुन्हा गवारीकडे वळली.

जनगणनावाल्यांनी यावर चांगला तोडगा काढलेला आहे. एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब. भाचीनं तीच व्याख्या उतरवून घेतली. तिला वाटलं, प्रश्न सुटला. मग मी तिला मागच्या गल्लीतल्या मेसच्या खोलीवर नेलं. ओडिशाच्या गंजामहून आलेले लूम्सचे कारीगर तिथं राहतात. बारा तासांची पाळी. दिवसपाळीचा माणूस उठून खात्यावर, म्हणजे लूम्सच्या कारखान्यात, गेला की त्याच्या अजून कोमट अंथरुणावर रात्रपाळीचा येऊन पडतो. अंथरूण एक, उत्तरदाते दोन, आणि ते एकमेकांना जागेपणी क्वचितच भेटतात. स्वयंपाकी मात्र एकच आणि चूलही एकच. व्याख्येप्रमाणे हे साठ पुरुषांचं एक कुटुंब झालं. जनगणनेनं याचीही सोय केली आहे. याला ती संस्थात्मक कुटुंब म्हणते. शब्द ऐकून तिथल्या स्वयंपाक्याला आपण कुटुंबप्रमुख असल्याचं समाधान वाटलं असतं, पण तो डाळीला फोडणी देत होता.

“हे आपल्या नमुन्यात येत नाहीत, मामा. मराठी नाहीत,” भाची म्हणाली आणि तिला जरा हायसं वाटलेलं दिसलं.

पण 2011च्या जनगणनेत सुरत जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 787 स्त्रिया निघाल्या, तेव्हा बाकीच्या स्त्रिया कुठं गेल्या हे शोधायला शास्त्र लागत नाही. त्या गंजामला आहेत, नंदुरबारला आहेत, शहाद्याला आहेत, फोन लागत नाही म्हणून अंगणात उभ्या आहेत.

नमुना निवडीचंही असंच झालं. सरांनी सांगितलं होतं, दर पाचवं घर घ्या, म्हणजे पक्षपात होत नाही. आमच्या गल्लीतलं पाचवं घर म्हणजे खाली लूम्स आणि वर ओळीनं सात खोल्या. लाइटचं मीटर एक, घर नंबर एक, दारं सात. खालच्या खात्यात शेठना तिनं प्रकल्पाचा उद्देश सांगितला. लूम्सचे सांचे चालू होते. शेठ ओरडून म्हणाले, “चालशे, चालशे!” आणि तिच्या हातात देणगीचे शंभर रुपये ठेवले.

वेळेचा तक्ता तिनं सकाळी अकरा ते एक असा आखला होता. अकरा वाजता रात्रपाळीवाला गाढ झोपेत असतो. त्याला उठवून ‘आपण आपल्या कामाबाबत कितपत समाधानी आहात, पाचपैकी गुण द्या’ असं विचारणं मला रुचेना. मी त्याच्या जागी असतो तर गुण दिले नसते, दुसरंच काहीतरी दिलं असतं.

तिच्या वर्गातल्या एका मुलानं या सगळ्यावर गूगल फॉर्मचा उपाय काढला होता. लिंक व्हॉट्सॲपवर टाकली, एका संध्याकाळीत शंभर उत्तरं. त्यात त्याचे पुण्याचे मावसभाऊ होते, क्रिकेटची अख्खी टीम होती आणि एकानं व्यवसायाच्या रकान्यात ‘बॅटमॅन’ लिहिलं होतं. तरी आलेख सुरेख आले, असं कळलं.

भाची मात्र आजीची नात. ती फॉर्म घेऊन निघाली. मी सोबत, कारण मुलीला एकटी कशी पाठवायची असं तिची आई म्हणाली आणि मामाला रविवारी काम काय असतं, असंही म्हणाली.

पहिल्या दारात एक काकू साड्यांच्या ढिगात बसल्या होत्या. हातात छोटी कात्री, मागच्या बाजूचे लोंबते धागे कापायचं काम जोरात. शेजारी सून साडीवर स्टोन चिकटवत होती, आणि आठ-नऊ वर्षांची नात झालेल्या साड्यांच्या घड्या घालत होती.

“काकू, तुम्ही काय काम करता?”

“मी? काहीच नाही. घरीच असते.” कात्री थांबली नाही.

भाचीनं ‘गृहिणी’वर खूण केली, मग खोडली, मग पेन तोंडात धरून बसली. तेवढ्यात काकूंनी तिची चाचणी सुरू केली. गाव कोणतं, आडनाव काय, आई कुठली, मामाचं गाव कोणतं? दोन मिनिटांत त्यांनी आमच्या अमळनेरच्या एका सोयऱ्यापर्यंत मजल मारली आणि तो आपला चुलत व्याही लागतो असं सिद्धही केलं. कागद नाही, पेन नाही, गृहीतक नाही. मग चहा आला. 42 पैकी पाच प्रश्न झाले होते आणि भाचीनं बोलता बोलता तीन साड्यांचे धागे कापले होते.

संध्याकाळी घरी आल्यावर ती म्हणाली, “मामा, आता तुमचा फॉर्म भरू. तुम्ही तर स्थलांतरितच.”

मी उधन्यातच जन्मलो, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. तरी ‘मूळ गाव’ म्हटल्यावर तोंडून शिंदखेडे तालुका निघून गेला. ‘राज्य’ या रकान्याशी मी बराच वेळ थांबलो. तापी लाइनवर नवापूरचं स्टेशन आहे. त्याचा निम्मा भाग महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध दोन राज्यांची रेघ जाते. भुसावळ पॅसेंजर तिथं थांबली की लहानपणी मी मुद्दाम त्या रेघेवर बसायचो. त्या बाकासाठी फॉर्ममध्ये चौकोन नव्हता.

“गावी स्वतःचं घर आहे का? हो, नाही.”

“हो.”

“तिथं कोण राहतं?”

“कोणी नाही. कुलूप आहे. काका शेजारच्या गल्लीत राहतात.”

“मग ते घर मोजायचं का नाही?” तिनं पेन टेबलावर ठेवलं. जनगणनेत कुलूपबंद घराची वेगळी नोंद होते, तेवढं मला माहीत होतं, ते मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. ती इकडेतिकडे पाहत राहिली. मग तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिळ्यावर गेली. तिथं कॅलेंडरच्या मागे सुतळीला बांधलेली एक लांब, गंजकी किल्ली कायम लटकलेली असते. आखाजीच्या सणाला गावी जाताना आई ती आधी पदराला बांधते, मग पिशव्या भरते.

“आजी, ही त्या घरची?”

“मंग कोनी?”

भाचीनं थोडा विचार केला. सकाळच्या काकूंच्या खोलीत देवाच्या फोटोखाली तिनं अशीच एक पाहिली होती म्हणे. मी पाहिली नव्हती. मी चहा पीत होतो.

तिनं प्रश्न क्रमांक 14, ‘गावाशी आपला संबंध कितपत आहे (अत्यंत / मध्यम / अल्प)’, यावर आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘गावच्या घराची किल्ली कोणाकडे असते?’

मग म्हणाली, “मामा, प्रिंटरची शाई आणाल का? सगळे फॉर्म पुन्हा काढावे लागतील.”