अर्थिंगकाका

ठाण्याचा नौपाडा, डोंबिवलीचं टिळकनगर किंवा कल्याणचा पारनाका, इमारत चाळीस वर्षांची झाली की तिच्यात दोन गोष्टी हमखास सापडतात : गळणारी गच्ची आणि अर्थिंगकाका. गच्चीचं निदान अधूनमधून वॉटरप्रूफिंग होतं.

अर्थिंगकाका बहुधा रेल्वेतून निवृत्त झालेले असतात, नाहीतर वीज मंडळातून. 'महावितरण' हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही, ते अजून 'एमएसईबी'च म्हणतात. इतर निवृत्तांच्या खिशात पेन असतं, तिथे यांचा टेस्टर. कुणाकडे बारशाला गेले तर पाळण्यातल्या बाळाआधी पाळण्यामागचा एक्स्टेंशन बोर्ड बघतात. गणपतीत मंडपात शिरले की हात जोडून झाल्यावर पहिला प्रश्न, "जनरेटरला अर्थ कुठून घेतलाय?" कार्यकर्ते एकमेकांकडे बघतात. सॉकेटमध्ये उघड्या वायरी खोचून वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या असतात. मग काका प्रसाद न घेता तासभर तिथेच थांबतात.

२०२० पर्यंत त्यांना कुणी विचारत नव्हतं. मग लॉकडाउन लागला, ऑफिसं उठून हॉलमध्ये आली आणि मोझॅकच्या फरशीवर अनवाणी पाय टेकून काम करणाऱ्या पोरांच्या मनगटांना धातूच्या लॅपटॉपमधून मुंग्या येऊ लागल्या. कुणी मानेची शीर दबल्याचं निदान केलं, कुणी बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या सुरू केल्या. शेवटी तिसऱ्या मजल्यावरची पोरगी वर आली.

"काका, लॅपटॉप करंट मारतोय."

काकू अजून सांगतात, एवढा आनंद त्यांना मुलीचं लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता.

"मारत नाहीये. मारला असता तर सांगायला तू आली नसतीस," असं म्हणत काका चपला शोधू लागले.

खाली गेल्यावर तपासणी. "बोटाची मागची बाजू झाकणावरून हलकेच फिरव. खरखर लागते? आता चार्जर काढ." चार्जर काढला, झाकण गुळगुळीत. परत लावला, खरखर हजर. "आता पाय वर घेऊन सोफ्यावर बस." मुंग्या जवळजवळ गेल्या. पोरगी थक्क. काका मल्टिमीटर काढतात. बॉडीवर शंभराच्या आसपास व्होल्ट दिसतात आणि पोरीची आई देवाचं नाव घेते.

मग प्रवचन. चार्जरच्या पोटात विजेतला गोंगाट गाळायला एक इवलासा कपॅसिटर असतो. त्यातून एका मिलिअँपिअरचाही लहानसा हिस्सा बॉडीवर झिरपतो. थ्री-पिन असेल तर तो अर्थच्या वायरीने निमूट जमिनीत जातो. टू-पिनला ती वाटच नसते, मग तो तुझ्यातून फरशीत उतरतो. "म्हणजे या घराचा अर्थिंग रॉड तू!" एवढ्याने माणूस दगावत नाही, हेही काका कबूल करतात, पण जरा खट्टू होऊन.

"थ्री-पिनवाली केबल मिळते, ती लाव. तरी मुंग्या आल्या, तर बहुतेक दोष लॅपटॉपचा नाही, भिंतीचा. बरं, गीझर कुठाय?"

लॅपटॉप हे निमित्त. काकांना पोचायचं असतं गीझरपर्यंत. तिसरी पिन जाड आणि लांब का असते, हे ते बाथरूमच्या दारात उभं राहून सांगतात : घरच्या कार्यातल्या मोठ्या जावेसारखी, सगळ्यांआधी आत येणार आणि सगळ्यांनंतर बाहेर पडणार. मग सॉकेट उघडतात आणि त्यांचा आवाज बदलतो. कुण्या वायरमनने आतल्या आत अर्थ आणि न्यूट्रल वायरीच्या तुकड्याने जोडून ठेवलेले असतात. टेस्ट लॅम्प लावा, झकास पेटतो, मालक खूश. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की गीझरच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट. इथे मात्र काका विनोद करत नाहीत.

नवे टॉवरही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. लेकीच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये त्यांनी जपून ठेवलेला १०० वॉटचा पिवळा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यामध्ये लावला. खटकन अख्खं घर अंधारात, जावयाची परदेशी क्लायंटबरोबरची मीटिंग तुटली. "अभिनंदन!" अंधारातून काकांचा आवाज आला, "करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा तुमचा आरसीसीबी चालतो! ३० मिलिअँपिअरचा दिसतोय." जावई त्यानंतर फोनवर त्रोटक बोलतो.

लोक हसले तर काकांचं एकच उत्तर असतं. "डोंबिवली लोकलच्या डोक्यावर २५ हजार व्होल्ट असतात. दारातल्या दांड्याला लोंबकळताना कधी मुंगी आली? का नाही आली? डबा चाकावर, चाक रुळावर, रूळ जमिनीला!" यावर कुणी काय बोलणार? सकाळची आठ-बाराची पकडलेल्या माणसाला मुंगी आली तरी कळायला जागा कुठे असते, हा भाग वेगळा.

खरी लढाई मे महिन्यातली. इमारतीमागे अर्थिंगचा खड्डा असतो, त्यात पाइप, भोवती कोळसा आणि खडेमीठ. माती सुकली की तिचा विरोध वाढतो, म्हणून खड्ड्यात पाणी घालावं लागतं. टँकरची रांग लागलेली, नळाला दिवसाआड पाणी, आणि काका भरली बादली जमिनीत ओततायत. तळमजल्यावरून ओरडा होतो, वॉचमन शिट्टी मारतो, सेक्रेटरी सर्वसाधारण सभेत विषय आणतात. सभेत रंगकामाला लाखो रुपये एकमताने मंजूर होतात. अर्थिंगचा खड्डा 'इतर किरकोळ'मध्ये जातो, तोही काकांनी कोळसा स्वतः आणायच्या अटीवर. काका आणतात. मीठसुद्धा.

तर तुमच्याही मनगटाला मुंग्या येत असतील, तर गोळ्यांआधी चार्जरच्या पिना मोजा. दोन असतील तर केबल बदला. तीन असूनही येत असतील तर काकांना हाक मारा, ते दुपारीसुद्धा झोपत नाहीत.