पांढऱ्या ग्लाडिसबाईंना वाळपईहून सविनय

प्रति,
श्रीमती पांढरी ग्लाडिस आणि समस्त ऑर्का मंडळी,
मुक्काम : जिब्राल्टरची सामुद्रधुनी.

विषय : शिडाच्या बोटींचं सुकाणू मोडण्याबाबत तक्रार.

महोदया,

वाळपईला समुद्र नाही. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या गावातून लाट बघायची तर बस धरून पणजी गाठावी लागते. तरी वाळपईकर आपणास पत्र धाडत आहेत, कारण सत्तरीतून वाहणाऱ्या म्हादईचं नाव नौदलाच्या एका शिडाच्या बोटीला आहे. दिवाडी बेटावर बांधलेल्या या 'म्हादई'तून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी वाटेत कुठेही न थांबता फिरून आले. दोघांची वाट केप हॉर्नवरून होती. आपली गाठ पडली नाही आणि सुकाणू शाबूत राहिलं.

आपल्या कामगिरीचा तपशील मात्र इथवर पोचला आहे. २०२० पासून आपली मंडळी स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याला बोटी गाठतात. मागून, पाण्याखालून येतात आणि सुकाणूच्या पात्याला ढुशा देतात. वर खलाशाच्या हातातलं चाक गरकन फिरतं. नुसतं पातं मोडलं तर निभावतं. त्या हिसक्यात बोटीला भोक पडलं की पाणी आत. मे २०२४ मध्ये 'अल्बोरान कॉन्याक' ही पंधरा मीटरची बोट अशीच बुडाली. आतल्या दोघांना एका तेलवाहू जहाजाने उचललं.

उपायांच्या बाबतीत माणसांचंच एकमत नाही. आधी सांगण्यात आलं : शीड उतरवा, इंजिन बंद करा, चाक सोडा, गप्प बसा. मग स्पेन सरकारने सांगितलं : थांबू नका, उथळ पाण्याकडे निघा. मधल्या काळात कुणी बोटीमागे वाळू ओतून पाहिली, कुणी फटाके लावले.

अभ्यासकांनी आपली बाजू घेतली आहे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या मते हा सूड नव्हे, पोराटकीचा खेळ आहे. १९८७ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर आपल्या भाऊबंदांत मेलेला सामन मासा डोक्यावर मिरवायची टूम निघाली होती, त्यातलाच प्रकार. शिवाय त्या पट्ट्यात आपण जेमतेम चाळीसच्या आसपास उरलात आणि आपला घास जो ब्लूफिन ट्यूना, त्यावर माणसांचाही डोळा आहे.

आता मूळ तक्रार. इथे वाळपईकरांची लेखणी अडखळते.

आपला खेळ सुरू झाला त्याच वर्षी, जानेवारीत, सत्तरीतल्याच गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे विषाने मेलेले सापडले. पुढे जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत म्हादईचं व्याघ्रक्षेत्र जाहीर करा म्हणून सांगितलं, तेव्हा गोवा सरकार दाद मागायला सर्वोच्च न्यायालयात गेलं. खुद्द म्हादईच्या पाण्याची लवादाने २०१८ मध्ये तीन राज्यांत वाटणी केली. तिचं पाणी मलप्रभेकडे वळवायचा कर्नाटकाचा हट्ट अजून सुटलेला नाही. अख्खी नदी फिरवायला निघालेल्या जातीने सुकाणू फिरवल्याबद्दल आपल्याला बोल कसा लावावा?

सबब तक्रार मागे घेण्यात येत आहे. आपण बोटी बुडवल्यात, पण त्यात आजवर माणूस एकही दगावला नाही, हे वाळपईकर लेखी मान्य करतात. वाघांना असा दाखला माणसांकडून मिळायचा आहे.

कळावे, लोभ असावा. सुकाणूवर जरा कमी असावा.

आपले,
वाळपईकर

प्रत माहितीसाठी : जिब्राल्टरकडे निघालेले सर्व शिडवाले. मे ते ऑगस्ट किनारा धरून चाला, कठड्यापासून लांब बसा आणि पाण्यात आपण पाहुणे आहोत हे विसरू नका.