दुसऱ्यांदा फेडलेला नवस

काय तरी बाई दिवस आलेत! आमच्या नंदुरबारात पूर्वी माणूस भेटला की 'पाऊसपाणी कसं?' विचारायचा, 'मिरचीला काय भाव फुटला?' विचारायचा. हल्ली विचारतो, 'दुसरा भाग पाहिला का?' पाहिला म्हणालात तर समोरचा कीव करतो. नाही म्हणालात तर हेवा करतो, आणि लगेच पुढचा पाऊण तास सिनेमा किती वाईट आहे ते सविस्तर सांगतो. तुम्हाला पाहायची गरज उरत नाही, आणि सांगणाऱ्यानं तरी तो कुठं पाहिलेला असतो?

या साथीचा पहिला रोगी सापडला तो २०२४ च्या सप्टेंबरात. अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून जेमतेम तीन दिवस झाले होते, पाटावरचं कुंकूही पुसलेलं नव्हतं, तोच २० सप्टेंबरला 'नवरा माझा नवसाचा २' लागला. पहिला 'नवरा माझा नवसाचा' २००४ चा. सचिन पिळगावकर, सुप्रिया, अशोक सराफ, गणपतीपुळ्याला निघालेली एसटी आणि तो चारचौघांत सांगता न येणारा नवस. तो सिनेमा आमच्याकडं ज्याला तोंडपाठ नाही असा माणूस दाखवा. लग्नाच्या मांडवात जेवण उशिरा आलं तर पोरं त्यातले संवाद म्हणून वेळ काढतात. आणि अशा पवित्र गोष्टीला 'दोन' लावला? शिव शिव!

पहिली बातमी आली सुरतेहून. आमच्याकडं बऱ्याच बातम्या सुरतेहूनच येतात. ताप्ती लाईनवर बसलं की उधना, लिंबायत, दिंडोली, जिकडं बघावं तिकडं आपलीच माणसं. गल्लीतल्या नानांच्या साडूनं तिकडं सिनेमा पाहिला आणि मध्यंतरातच फोन लावला. आता मध्यंतरात फोन लावणाऱ्याला उत्तरार्ध कसा कळणार, हे कोणी विचारलं नाही. साडू म्हणाला, "नाना, येऊ नका. आणि आलेच तर माझं तिकीट काढू नका." एवढ्यावर नानांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या डेअरीसमोर निकाल जाहीर केला: सिनेमा बसला. तिकडं सिनेमा मात्र बसायला तयार नव्हता. महाराष्ट्रभर लोक जात होते, गल्लाही चांगला जमत होता. हे कळल्यावर नाना आणखी खवळले. "लोकांना काही चवच राहिली नाही," म्हणाले.

मामींचा आक्षेप धार्मिक होता. मामी म्हणजे आमच्या वाड्यातलं सुप्रीम कोर्ट. त्या म्हणाल्या, "नवस एकदा फेडला की फिटला. फिटलेल्या नवसाची पावती कोणी पुन्हा फाडतं का? आम्ही सारंगखेड्याच्या दत्ताला बोललो, यात्रेत जाऊन फेडलं, घोडेबाजार बघितला, घरी आलो. वीस वर्षांनी दत्ताला जाऊन 'आता भाग दोन' म्हटलं तर देव हाकलून देईल." मी म्हटलं, मामी, या वेळी नवस जावयाचा आहे, स्वप्नील जोशीचा. मामींनी पदर सावरला. "जावयाचा नवस सासऱ्यानं निस्तरायचा? मग जावई कशाला केला?" यावर आजवर कुणालाही उत्तर सुचलेलं नाही.

पण सगळ्यांत अभ्यासपूर्ण मत मिळालं ते एका कंडक्टरसाहेबांकडून. पंचवीस वर्षं एसटीत काढलेला माणूस. पहिल्या भागात अशोक सराफ कंडक्टर होते, त्यामुळं या गृहस्थांना तो सिनेमा घरचाच वाटतो. दुसऱ्यात गाडी कोकण रेल्वेची आणि सराफ टी.सी. "बढती दिली म्हणायचं त्यांना," साहेब कडवट हसले, "आमच्याकडं असा एसटीतून थेट रेल्वेत गेलेला एक तरी दाखवा." मग चहाचा कप बाजूला सारून त्यांनी असं काही सांगितलं की पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी वहीत टिपून घ्यावं. "हे बघा, एसटीत चाळीस-पन्नास माणसं एका खोक्यात कोंडलेली असतात. भांडलात तरी सुटका नाही, शेजारीच बसायचंय. एक ओकला तर सगळ्यांना कळतं. एकाचं गुपित फुटलं तर ड्रायव्हरपर्यंत पोचतं. गंमत तिथून येते. रेल्वेत काय? पटलं नाही की माणूस उठून पुढच्या डब्यात जातो. पळायला जागा मिळाली की विनोद मेला." एवढं बोलून ते ड्युटीवर गेले. दरवाजा लावून डबल बेल दिली, तीही रागानंच.

आता कुणी म्हणेल, एका सिनेमावरून एवढा गहजब कशाला? एका सिनेमावरून नाहीच मुळी. 'दोन'चं हे वेड जुनंच आहे, आणि दर वेळी आपण तितकेच धक्के खातो. दगडूचंच घ्या. २०१४ च्या 'टाईमपास'मध्ये प्रथमेश परब दगडू होता आणि केतकी माटेगावकर प्राजक्ता. गाव वेडं झालं होतं. पुढच्याच वर्षी १ मे रोजी दुसरा भाग आला, तर दगडूचा झाला प्रियदर्शन जाधव आणि प्राजक्ताची झाली प्रिया बापट. कथेत मधे वर्षं गेली होती हे खरं, पण प्रेक्षकाचं एकच वर्ष गेलं होतं ना! बरं, मोठा झाला तर झाला. २०२२ मध्ये तिसऱ्या भागात दगडू पुन्हा प्रथमेश परब, म्हणजे पुन्हा पोरगा, आणि आता समोर हृता दुर्गुळे! आमच्याकडं लग्नाच्या बायोडेटात वय दोन वर्षं कमी लिहिणारे आहेत, पण मधल्या भागात म्हातारं होऊन शेवटच्या भागात कॉलेजात परतणारा पहिलाच.

त्याच २०२२ च्या ऑगस्टात 'दे धक्का'वाले लंडनला गेले. २००८ साली हे कुटुंब टमटमीत बसून मुंबईला निघालं होतं, तेव्हा अख्खा शहादा तालुका त्यांच्याबरोबर निघाला होता. आपल्यातलीच माणसं, आपलीच धूळ, बापाच्या खिशात आपल्याएवढेच पैसे. लंडनला कोण जाणार बरोबर? पासपोर्ट आहे कुणाकडं?

'झपाटलेला'चं प्रकरण तर हळवं आहे, त्यावर टवाळी करताना जपून. १९९३ चा तात्या विंचू: बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, समोर लक्ष्या. २०१३ मध्ये दुसरा भाग थ्रीडी चष्म्यातून दाखवला, तोवर लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन आठ वर्षं उलटली होती. गोष्टीत लक्ष्याचा पोरगा आणला, आदिनाथ कोठारे. बाहुला तेवढा तसाच्या तसा. पहिल्या भागाला घाबरून आईच्या कुशीत शिरलेली पोरं आता बाप झाली होती, आपापली पोरं घेऊन गेली, आणि पोरं चष्म्याच्या काड्या चावत बसली. बापांना तेवढ्यानंच राग आला. 'अगं बाई अरेच्चा'च्या दोन भागांत तर नाव आणि दिग्दर्शक केदार शिंदे सोडले तर नातं लावायला भटजीच बोलवावा लागेल. ते जाऊ द्या.

या विषयावर गावातलं सर्वांत खरं बोलणं ऐकायला मिळतं ते मिरचीच्या पथारीवर. नंदुरबारबाहेरच्यांसाठी सांगते: बाजार समितीत आलेली ओली लाल मिरची व्यापारी मोकळ्या माळावर अंथरून वाळवतात, ती पथारी. हंगामात नजर पोचेल तिथवर लाल, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस शिंकत जातो. बाया नाकातोंडाला फडकी गुंडाळून, ओळीनं बसून देठ खुडतात. हात थांबत नाहीत आणि फडक्याआडून तोंडही थांबत नाही. तिथं एकीनं सगळ्या समीक्षेचा निकाल एका वाक्यात लावला: "पयला मा हासी हासी पोट दुखनं व्हतं, दुसरा मा बठी बठी कंबर दुखनी." बाकीच्या इतक्या हसल्या की एकीचं फडकं सुटलं आणि ती पुढची पाच मिनिटं शिंकत बसली. मग पलीकडून दुसरीनं विचारलं, "तू कोठे दखना व?" पहिलीनं देठाचा मूठभर ढीग बाजूला टाकला. पोरीच्या मोबाईलवर, अर्धाच, म्हणाली.

इथं मला संशय आला. मी चौकशीच लावली. दुसऱ्या भागाला नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: पहिला भाग कुठं पाहिला होता? आणि काय सांगू, एकेकाचं पितळ उघडं पडत गेलं. नाना म्हणाले, "थेटरात? नाही बुवा. तेव्हा कापसाचे पैसे अडकले होते." मामी म्हणाल्या, सासूबाई थेटरात पाठवत नसत. कंडक्टरसाहेबांनी तो एका लग्नाच्या गाडीत, व्हिडीओवर, उभ्यानं पाहिला होता. गल्लीतल्या मास्तरांच्या पोराचा तर २००४ साली जन्म व्हायचा होता. बाकी सगळ्यांनी पाहिला तो टीव्हीवर. रविवारी दुपारी, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी पोटात गेल्यावर, चटईवर आडवं होऊन. अधेमधे डोळा लागला, उठलं तर एसटी अजून वाटेतच. जाहिरात लागली की उठून बकरीला पाला टाकला. लाईट गेली तर उरलेला पुढच्या वेळी. असा वीस वर्षं, तुकड्यातुकड्यानं, एक छदाम न देता.

आणि दुसऱ्या भागाचं? तिकीट काढलं. पॉपकॉर्न घेतले, ज्याच्या दरात आमच्याकडं पायलीभर मका येईल. सुरतेला गेलेल्यांनी रेल्वेचं भाडं वेगळं मोजलं, साडूकडं उतरायचं म्हणून सोबत पेढे नेले. जाहिरात नाही, पाला टाकायला उठायचं नाही, अंधारात दोन-सव्वादोन तास सलग बसायचं, आणि प्रत्येक मिनिटाला मनात हिशेब: एवढ्याचं हसू आलं का? वीस वर्षांत साठवलेलं फुकटचं हसू एका पारड्यात आणि एका दुपारचं विकतचं दुसऱ्यात. कुठला सिनेमा तरेल? हे मी नानांना सांगितलं तर ते चिडले. म्हणाले, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. ज्याचं तत्त्व तिकिटाच्या दरापासून सुरू होतं त्याच्याशी काय वाद घालायचा.

नानांना दुखवायचं नव्हतं, तरी 'फिर हेरा फेरी'ची आठवण करून दिली. २००० च्या 'हेरा फेरी'वर सगळं गाव फिदा होतं. २००६ मध्ये दुसरा आला, तेव्हा हेच नाना म्हणाले होते की बाबुराव गणपतराव आपट्यांचा तमाशा केला. आज त्यांच्या मोबाईलवर सकाळी सकाळी जी चित्रं येतात, त्यांत निम्मी त्याच दुसऱ्या भागातली. नाना ती पुढं पाठवतात, हसण्याच्या तीन-तीन बाहुल्या लावून. मे २०२५ मध्ये तिसऱ्या भागातून परेश रावल बाहेर पडल्याची बातमी आली, अक्षय कुमारच्या कंपनीनं २५ कोटींची नोटीस धाडल्याचं पेपरात छापून आलं, तेव्हा नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. परेश रावल परतणार कळलं तेव्हा डेअरीसमोर पेढे वाटायचे तेवढे राहिले. मराठी आपट्यांवर असं संकट! जो सिनेमा अजून निघालाही नाही, त्यासाठी एवढा जीव टाकायचा आणि निघाल्यावर मध्यंतरात साडूला फोन करायला लावायचा.

एक विषय मात्र आमच्याकडं निघाला की सगळे आवाज खाली करतात. 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ चा. त्याला आजतागायत कुणी 'दोन' लावलेला नाही. चौघांतले सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे, दोघंही २००४ सालीच गेले, त्यामुळं तसा प्रश्न येऊ नये. पण हल्ली काय सांगता येतं! मास्तरांचा पोरगा चेष्टेत म्हणाला, "निघाला तर?" मामींनी त्याला प्रसाद दिला नाही. संकष्टीचा मोदक, हातातून परत घेतला.

आणि मग गेल्या रविवारी तो प्रकार झाला. 'नवरा माझा नवसाचा २' टीव्हीवर लागला. नाना चटईवर आडवे झाले होते, मी काही कामानं गेले होते. मामी पापडाच्या लाट्या करत बसल्या होत्या, त्यांचं अर्धं लक्ष पडद्यावर. सुरतेचा साडू सुट्टीला आलेला, तोही भिंतीला टेकून. अशोक सराफांनी काहीतरी केलं आणि साडू खो-खो हसला. मामींचा लाटीचा हात थांबला. जाहिरात लागली तशी नानांनी कूस बदलली, दहा मिनिटं घोरले, उठले, पुन्हा हसले.

मी नानांकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी मान्य करतील.

नाना बसते झाले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "तुला सांगतो ना, थेटरात दाखवला तो वेगळा होता. टीव्हीवाल्यांनी काटछाट करून पार सुधारून टाकला."